बाप्तिस्म्याची बाटली



वाचनासाठी: लूक १:५-१७ आणि योहान २:१-११.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला एक फोन आला. बाप्तिस्म्याच्या तयारीचे काम आमच्याकडे असल्यामुळे फोन येतच असतात. धर्मपित्याचा दाखला लागतो का, पांढरे झबले बेल्यात मिळेल की आदिलाबादहून आणावे, जेवण किती वाजता ठेवावे, असे. हा फोन वेगळा होता. बाळाचा मामा वसईहून बोलत होता. तोच धर्मपिता होणार होता. म्हणाला, "भाचीसाठी एक बाटली घेऊन ठेवायची आहे. ती एकवीस वर्षांची झाली की उघडायची. कोणती घेऊ, काही सुचवाल का?"

मामा बरीच वर्षे जहाजावर नोकरीला आहे. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्याने ही रीत ऐकली होती आणि ती त्याच्या मनात बसली होती. आम्ही "बघून सांगतो" म्हणालो. फोन ठेवला तर आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? नाही म्हणून सांगा." ताईंना त्या घराची माहिती होती. बाळाचे आजोबा दारूने गेले. बाळाचे वडील कधी थेंबाला शिवले नाहीत, पण आजी अजून रात्री दाराची कडी दोनदा तपासते. ती सवय कुठून आली, हे गावाला ठाऊक आहे.

तरीही मामाचा प्रश्न मनापासूनचा होता. त्याला नुसते "नाही" म्हणून गप्प करणे आम्हाला बरे वाटले नाही. म्हणून आम्ही खरोखरच शोध घेतला. जे सापडले ते इथे लिहितो आहोत, कारण हा प्रश्न आता फक्त एका घराचा राहिलेला नाही. आपली मुले मुंबईला, आखातात, जहाजांवर जातात आणि येताना तिकडच्या रीती घेऊन येतात.

पहिली गोष्ट ही की ही रीत फार जुनी नाही आणि शास्त्रातली तर नाहीच. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात बाप्तिस्म्याला धर्मपिता चांदीचा चमचा देई. त्या चमच्याच्या दांड्याच्या टोकाला एखाद्या प्रेषिताची छोटी मूर्ती असे. श्रीमंताकडून बाराही प्रेषितांचा संच येई. बाटली आली ती त्यानंतर, आणि तिच्या येण्यामागे भक्तीपेक्षा राजकारण आणि काचकाम जास्त होते. इंग्लंड आणि फ्रान्स सतत लढत असल्यामुळे फ्रेंच वाइन महाग झाली. १७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन तह झाला, पोर्तुगीज वाइनवर जकात कमी लागू लागली आणि इंग्रज पोर्टकडे वळले. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचे कडक मद्य घालून आंबणे थांबवतात. त्यामुळे ती गोड राहते आणि टिकते. १७५६ मध्ये मार्क्विस ऑफ पोंबाल या मंत्र्याने त्या खोऱ्याची हद्द कायद्याने आखली. (हा तोच पोंबाल, ज्याने तीन वर्षांनी येशूसंघीय धर्मगुरूंना पोर्तुगालच्या सगळ्या मुलुखांतून हाकलले.)

पण त्या काळच्या बाटल्या बुटक्या आणि फुगीर होत्या. त्या आडव्या ठेवता येत नसत. आडवी ठेवली नाही तर बूच सुकते, हवा आत शिरते आणि वाइन आंबट होते. अठराव्या शतकात बाटली हळूहळू उंच आणि सरळ झाली, ती आडवी रचता येऊ लागली, आणि मगच "वीस वर्षे ठेवून बघू" हा विचार शक्य झाला. त्यापुढे खानदानी इंग्रज घरांत मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता 'पाइप' भरून पोर्ट देऊ लागला. पाइप म्हणजे सुमारे ५५० लिटरचे लांबट पिंप, बाटल्यांत भरले तर साठ डझन. मुलगा एकवीसचा, म्हणजे त्या वेळच्या कायद्याने सज्ञान झाला की ती उघडायची. मुलीच्या नावाने पिंप ठेवल्याचे सहसा ऐकू येत नाही. आपला मामा भाचीसाठी ठेवू पाहत होता, एवढ्यापुरता तो त्या इंग्रजांच्या पुढे होता.

५५० लिटर हा आकडा वाचून आम्हाला काना गावातले लग्न आठवले. योहानाने लिहिलेले सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मापे. ते माप सुमारे ३९ लिटरचे धरले तर एकूण साडेचारशे ते सातशे लिटर होतात. म्हणजे जवळजवळ एक पाइप. फरक एवढाच की काना येथील द्राक्षारस एक तासही मुरलेला नव्हता, आणि तरी भोजनकारभाऱ्याला तो सगळ्यांत चांगला वाटला.

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. कोणती बाटली ठेवण्यासारखी आहे? इथे लोकांची मोठी चूक होते, म्हणून सविस्तर सांगतो.

व्हिस्की, ब्रँडी, रम किंवा फेणी काचेच्या बाटलीत मुरत नाही. ती मुरते लाकडी पिंपात, कारण तिथे लाकडाशी आणि हवेशी तिचा संबंध येतो. बारा वर्षांची व्हिस्की घेऊन एकवीस वर्षे कपाटात ठेवली तर ती बारा वर्षांचीच राहते. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडच्या थंडीत तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीचे लोक आपल्याकडचा वाटा दहा-बारा टक्के सांगतात. आमच्यातल्या एकाने यावर विचारले, "मग आपले देवदूत जास्त पितात की काय?" हसून झाल्यावर आम्ही पुढे गेलो.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काजूचे झाडच मुळी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले. गोव्यातल्या जुन्या घरांत फेणीचे मोठे काचेचे गाराफाव जपून ठेवलेले असतात आणि बाप्तिस्म्याला पाद्रिन-माद्रिनच्या हातात पहिला पेला जातो. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात बाप्तिस्म्याला आणि लग्नाला खिमड देतात, म्हणजे दालचिनी-वेलची घालून उकळलेली गरम दारू. पण या दोन्ही ठिकाणी जे प्यायले जाते ते त्याच दिवशी, सगळ्यांनी मिळून, उभ्याउभ्या. उद्यासाठी कुलूप लावून ठेवणे हा त्यांचा स्वभाव नाही. आमच्याकडच्या गोंड बांधवांचेही तसेच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, ती वेचून, वाळवून, आंबवून दारू गाळतात. ती आधी देवाला आणि पितरांना वाहतात, मग माणसे पितात. ती साठवून ठेवायची चीज नाही.

म्हणजे ठेवायची झाली तर वाइनच हवी, आणि तीही सगळी नाही. बाजारात मिळणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यावी अशीच बनवलेली असते. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून स्वस्तात मिळणारी गोड लाल वाइन ही दोरूची पोर्ट नव्हे. ती ठेवून काही उपयोग नाही. ज्या पोर्टवर एकाच सुगीचे वर्ष छापलेले असते आणि जी दोन-तीन वर्षांतच पिंपातून बाटलीत भरतात, ती व्हिंटेज पोर्ट खरी. ती बाटलीत वीस, तीस, चाळीस वर्षे मुरते. अशी पोर्ट दरवर्षी जाहीर होत नाही, दहा वर्षांत साधारण तीनदा होते. आणि बाळ जन्मले त्या वर्षाची बाटली बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळूच शकत नाही, कारण ती अजून भरलेलीच नसते. ज्याला जन्मवर्षाचीच हवी त्याने आधी तीन वर्षे थांबावे, आणि ते वर्ष चांगले निघावे म्हणून प्रार्थना करावी.

एवढे कळल्यावर आम्ही मामाला सांगणारच होतो की व्हिंटेज पोर्ट घे. पण ती ठेवायला बारा ते पंधरा अंशांची, वर्षभर एकसारखी गार आणि अंधारी जागा लागते. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तेलंगणातली कडक थंडीही आमच्याकडेच पडते. बूच फुगते, आकसते, गळते. एकवीस वर्षांनी भाचीच्या हाती शिरका आला असता. वसईत एवढी टोके नाहीत, पण दमट उकाडा आहेच.

शोधता शोधता मदेरा सापडली, आणि हा भाग आम्हाला सगळ्यांत जास्त आवडला. मदेरा हे अटलांटिक महासागरातले पोर्तुगीज बेट. भारताकडे निघालेली जहाजे तिथे थांबून वाइनची पिंपे भरून घेत. पिंपे महिनोन् महिने जहाजाच्या पोटात विषुववृत्ताच्या उन्हाने तापत, हिंदकळत. विकली न गेलेली काही पिंपे फिरून परत गेली, आणि तिकडच्या लोकांना कळले की या हालअपेष्टांनी वाइन बिघडली नाही, उलट सुधारली. मग मुद्दाम भारताची फेरी करून आणलेल्या वाइनला जास्त भाव येऊ लागला. तिला फेरीची वाइन असेच नाव पडले. पुढे जहाजात पाठवण्याऐवजी बेटावरच ती तापवू लागले. आजही साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात आणि चांगली मदेरा कित्येक वर्षे उन्हाने तापलेल्या माळ्यावर पिंपांत ठेवतात. पंचेचाळीस अंश! म्हणजे जी उष्णता इतर वाइनचा नाश करते तीच हिला घडवते. अशी बाटली आपल्या उकाड्याला घाबरत नाही. ती आडवी ठेवायची गरज नाही, उभीच ठेवतात. आणि उघडल्यावर महिनोन् महिने टिकते. जुनी पोर्ट उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. हा शेवटचा मुद्दा लिहून ठेवा, पुढे तो कामाला आला.

मात्र बाटली निवडता आली म्हणून ती बेल्यात ठेवावी असे ठरत नव्हते. त्यासाठी आपल्या या पट्ट्याचा इतिहास पाहावा लागतो.

१९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या वर्षी भाषावार राज्ये झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तालुके मुंबई राज्याकडे गेले. आपला बेला मराठी बोलणारा असूनही आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, रस्त्याने पुढे गेले की कोरपना, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. सोयरिकी दोन्हीकडे, दारूचे कायदे मात्र दोन, आणि ते एकाच वेळी कधी जुळले नाहीत. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गाला जाणाऱ्या बायकांनी वाचनाच्या धड्यातून स्फूर्ती घेऊन सारायचे दुकान बंद पाडले. ती आग राज्यभर पसरली. बायका लिलाव उधळू लागल्या. १ ऑक्टोबर १९९३ ला सारा बंद झाला, १६ जानेवारी १९९५ ला पूर्ण दारूबंदी आली, आणि १९९७ मध्ये ती शिथिल झाली. तेव्हा आमच्याकडचे पिणारे नदी ओलांडून जात. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा काढला, २०१५ च्या एप्रिलपासून तिकडे दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत तिकडचे पिणारे इकडे येत. दोन्ही वेळा घरातल्या बाईने जे मागितले ते अर्धेच मिळाले, कारण सीमा चालत जाण्याइतकी जवळ.

बाळाची आजी १९९३ साली तरणी सून होती. तिने आम्हाला सांगितले, "दुकान बंद झालं त्या दिवशी मी पोराले घिऊन नदीवर गेली अन् पोटभर रडली. चार दिवस घरात शांती होती. मंग तो पल्याड जाऊ लागला."

शास्त्राचे काय म्हणणे आहे, असे मामाने विचारले होते. शास्त्रात दोन्ही आहे आणि एकाच्या आड दुसरे लपवता येत नाही. ज्याने आपल्या प्रभूला बाप्तिस्मा दिला तो योहान जन्मापासून द्राक्षारसाला शिवला नाही, हे देवदूताने जखऱ्याला आधीच सांगितले होते. आणि ज्याला बाप्तिस्मा दिला त्याला लोक खादाड आणि दारूबाज म्हणत. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात हे दोघे शेजारी उभे आहेत. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबाचे वंशज भरलेले प्याले समोर असताना नाही म्हणतात, कारण पूर्वजाला शब्द दिलेला आहे, आणि देव त्यांची वाखाणणी करतो. दुसरीकडे आपण दर रविवारी वेदीवर द्राक्षारस आणतो. आपले मेथडिस्ट बंधू न आंबवलेला रस वापरतात. ती सोयही फार जुनी नाही. थॉमस वेल्च नावाच्या एका अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये रस उकळून बाटलीबंद केला, म्हणजे प्रभुभोजनाला दारू लागू नये.

पण बाप्तिस्म्याचे सर्वांत जुने पेय कोणते, हे शोधताना आम्हाला जे मिळाले त्याने ताईसुद्धा थबकल्या. दोनशे सालाच्या सुमारास कार्थेजच्या तेर्तुलियनने लिहून ठेवले आहे की पाण्यातून वर आलेल्या नव्या ख्रिस्ती माणसाला दूध आणि मध चाखायला देत. रोमच्या हिप्पोलितच्या नावे असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथातही बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनात पाणी, दूध-मध आणि द्राक्षारस असे तीन पेले सांगितले आहेत. दुधामधाचा देश तुझा झाला, असा त्याचा अर्थ. ही रीत पुढे मागे पडली.

हे सगळे घेऊन आम्ही त्या घरी गेलो. मामा आला होता. त्याने आजीला शांतपणे सांगितले की बाटली दारू म्हणून नाही, आठवण म्हणून ठेवायची आहे. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबू, बाटली या घरात नको. या भिंतींनं लय बाटल्या पाह्यल्या."

"मावशी, मग माझ्याकडे वसईला ठेवतो."

"ठेव. पण मले एक सांग. एकवीस वर्सं तू ते न उघडता ठेवशील?"

मामा हसला. आजी हसली नाही. मग तोही गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "उघडायच्या दिवशी तुम्ही याल ना, मावशी?"

"मी कायले राह्यते एकवीस वर्सं? अन् एका राती सारी संपवता का काय?"

इथे आम्ही मध्ये पडलो आणि मदेरा एका रात्रीत संपवावी लागत नाही, असे सांगितले. आजीला ते पटलेले दिसले. निदान तिने पुढे वाद घातला नाही.

बाप्तिस्मा मे महिन्यात झाला. पाहुण्यांना दूध आणि जंगलातला मध दिला. बाळाच्या ओठांना तो लावू दिला नाही, कारण एक वर्षाच्या आत मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात. एका म्हाताऱ्याने "बाकी काही नाही का?" असे विचारले, त्याला दुसरा पेला दूध मिळाले. मामाने पुढच्या सफरीवरून येताना मदेराची एक बाटली आणली. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत जकातीशिवाय आणता येते, त्यात ती बसली. महाराष्ट्रात बाळगायचा परवानाही त्याने काढला. जन्मवर्षाचा आग्रह सोडावा लागला, कारण मदेरा तर पोर्टपेक्षाही उशिरा बाटलीत येते. आपल्या भागातल्या कोणी असे काही ठरवलेच तर बाटली राज्याची सीमा ओलांडून नेण्याआधी अबकारी खात्याचा नियम विचारून घ्यावा. आमच्या रस्त्यावर गाड्या तपासतात आणि भाचीची आठवण आहे हे पोलिसाला पटवणे अवघड जाईल.

आजीने एक अट घातली होती. दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला मामाने बाटलीचा फोटो पाठवायचा. यंदाचा पहिला फोटो गेल्या आठवड्यात आला. लोखंडी कपाटात, मामीच्या साड्यांच्या शेजारी, बाटली उभी आहे, आणि गळ्यात चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर बाळाचे नाव आणि २०४६ हे साल. आजीने फोन नातवंडांकडून मोठा करून घेतला आणि लाख लावलेले बूच बराच वेळ बघत बसली.